वस्तीतली बालवाडी आणि किशोर केंद्र : नागपुरात सुरुवात कशी करावी

नागपुरातल्या अनेक वस्त्यांमध्ये एखादे बुद्धविहार, समाजभवन किंवा मंदिरालगतचे सभागृह दिवसाचा बराच वेळ रिकामे असते, आणि त्याच वस्तीत तीन ते सहा वर्षांची मुले दुपारभर गल्लीत किंवा मोठ्या बहिणीच्या कडेवर असतात. हे पाहून कुणीतरी उत्साहाने शिकवणी सुरू करते, सतरंज्या आणि पाट्या जमा होतात, उद्घाटनाला नगरसेवक येतात, आणि दिवाळीनंतर वर्ग ओस पडतो. असे होण्यामागे पैशांची चणचण हे एक कारण असतेच. परंतु त्याहून मोठे कारण म्हणजे वर्गाच्या वेळा आणि स्वरूप वस्तीतल्या घरांच्या दिनक्रमाशी जुळलेले नसतात. म्हणून या लेखात जागा, शिक्षिका, खेळणी यांच्या आधी वेळेचा विचार मांडला आहे.

येथे डोळ्यांसमोर ठेवलेले केंद्र असे आहे : एकच खोली, सकाळी तीन ते सहा वर्षांच्या सुमारे तीस मुलांची बालवाडी, आणि संध्याकाळी दहा ते अठरा वयोगटाच्या मुलामुलींसाठी अभ्यास, खेळ व छंद यांचा वर्ग. महिला बचत गट, विहार समिती, क्रीडा मंडळ किंवा लहान संस्था यांपैकी कुणालाही ते चालवता येईल. दोन्ही वयोगट एकत्र घेण्याचे कारण भावनिक नाही. आई कामाला गेल्यावर धाकट्या भावंडाला सांभाळायला अनेकदा दहा-बारा वर्षांची मुलगीच घरी थांबते. धाकट्यासाठी बालवाडी नसेल तर तिची शाळा बुडते, आणि बालवाडी भरली तरी तिच्या वेळा आईच्या कामाशी जुळत नसतील तर शाळा तशीच बुडत राहते.

पहिला टप्पा : वस्तीचे घड्याळ समजून घ्या

कामाचा पहिला महिना केवळ घरोघरी फिरण्यासाठी राखावा. पाहणी बाहेरच्या माणसांनी एकट्याने करू नये. वस्तीतल्या दोन बायका आणि सोबत लिहून घेणारे एक माणूस, अशी तुकडी उत्तम. नागपुरात मातृसेवा संघाचे समाजकार्य महाविद्यालय आणि तिरपुडे समाजकार्य महाविद्यालय यांसारख्या संस्थांचे विद्यार्थी क्षेत्रकार्यासाठी वस्त्यांमध्ये येत असतात. महाविद्यालयाला रीतसर पत्र देऊन ही मदत मागता येते; मात्र विद्यार्थी सत्र संपले की निघून जातात, हे गृहीत धरूनच त्यांना काम द्यावे.

प्रत्येक घरी विचारायच्या गोष्टी थोड्या आणि नेमक्या असाव्यात. घरात सहा वर्षांखालची मुले किती आणि त्यांचे वय काय. आई व वडील घरातून कधी निघतात, कधी परततात. त्या वेळेत मूल कुणाजवळ असते. घरात कोणती भाषा बोलली जाते. दहा ते अठरा वयाची मुले शाळेत जातात का, कोणत्या पाळीत जातात, आणि शाळा सोडली असल्यास केव्हा सोडली. आधार क्रमांक, उत्पन्न, जात हे पहिल्या भेटीत विचारू नये. नझूल म्हणजे सरकारी मालकीच्या किंवा रेल्वेच्या जागेवरच्या वस्तीत कागद हातात घेऊन आलेला माणूस घर पाडण्याची नोटीस घेऊन आला असावा, अशी शंका येणे स्वाभाविक आहे, आणि ती शंका एकदा बसली की पुढची सहा महिन्यांची मेहनत वाया जाते.

जमलेली उत्तरे एका मोठ्या कागदावर सकाळी चारपासून रात्री दहापर्यंतच्या रकान्यांत मांडावीत. मग वस्तीचे घड्याळ दिसू लागते, आणि प्रत्येक वस्तीचे ते वेगळे असते. कळमना बाजारात हमाली किंवा माल निवडण्याचे काम करणाऱ्या घरांत पहाटेच चूल पेटते. धरमपेठ, रामदासपेठ, बजाजनगर या भागांत धुणीभांडी आणि स्वयंपाकाची कामे करणाऱ्या बायका सकाळी आठच्या सुमारास निघून दीड-दोनला परततात. केटरर्सकडे पोळ्या लाटायला जाणाऱ्यांचे वेळापत्रक लग्नसराईत पार बदलते. बालाघाट, सिवनी किंवा छत्तीसगडकडून आलेली बांधकाम मजुरांची कुटुंबे धानाच्या रोवणीला आणि कापणीला गावी जातात, त्यामुळे तेवढ्या काळात हजेरी घटली तर तो बालवाडीचा दोष समजू नये. मूल परत आले की त्याची जागा राखलेली असावी, एवढेच पाहावे.

या कागदावरूनच बालवाडीची वेळ ठरवावी. समजा, बहुतेक आया आठला निघत असतील आणि आपण बालवाडी साडेदहाला उघडली, तर मूल तोवर मोठ्या बहिणीकडेच राहणार. तेव्हा दार पावणेआठला उघडणे आणि पहिला पाऊण तास मोकळ्या खेळाचा ठेवणे हा साधा बदल कितीही देखण्या शैक्षणिक साहित्यापेक्षा अधिक उपयोगी पडतो.

याच फेरीत हाताने काढलेला नकाशाही करावा : नाल्याचे काठ, रूळ ओलांडण्याची जागा, उघडी विहीर, मोकाट कुत्र्यांचा अड्डा, रहदारीचा रस्ता. चार वर्षांचे मूल ज्या वाटेने एकटे येऊ शकत नाही, त्या वाटेच्या पलीकडची घरे आपल्या यादीत असली तरी प्रत्यक्षात वर्गात दिसत नाहीत. त्यांच्यासाठी ने-आण करणारी मावशी ठेवावी किंवा ती घरे नसल्यासारखे नियोजन तरी करू नये.

दुसरा टप्पा : अंगणवाडीशी स्पर्धा नको

एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली, आणि साधारण ४०० ते ८०० लोकसंख्येमागे एक अंगणवाडी असावी असा तिचा निकष आहे. पूरक पोषण आहार, शालापूर्व शिक्षण, पोषण व आरोग्य शिक्षण, लसीकरण, आरोग्य तपासणी आणि संदर्भ सेवा (गरज पडल्यास मोठ्या दवाखान्यात पाठवणे) अशा सहा गोष्टी तिथून मिळाव्यात अशी रचना आहे. सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या मुलासाठी वर्षातून ३०० दिवस, ठरवून दिलेल्या प्रमाणात उष्मांक आणि प्रथिने देणारा आहार हा त्यातला भाग आहे. हे सर्व सोडून आपल्या बालवाडीत मुलांची नावे ओढणे म्हणजे मुलांना त्यांच्या हक्काच्या आहाराला आपणच मुकवणे होय.

म्हणून पाहणी संपताच पहिली भेट अंगणवाडी सेविकेची घ्यावी, आणि तीही तक्रार घेऊन नव्हे. आहाराच्या नोंदी, वजन-उंची, मोबाइलवरची माहिती, गरोदर मातांच्या भेटी, निवडणुकीची आणि सर्वेक्षणाची कामे यांत सेविकेचा दिवस संपून जातो. शिकवण्याला वेळ उरत नाही ही तिचीही खंत असते. तिच्याशी आणि पर्यवेक्षिकेशी बोलून तीनपैकी एक रचना ठरवता येते. पहिली, अंगणवाडीच्याच खोलीत आपली ताई, म्हणजे बालवाडीची शिक्षिका, रोज दीड-दोन तास शिकवण्याची बाजू सांभाळते. दुसरी, मुले अंगणवाडीत आहार घेतात आणि उरलेल्या वेळात आपल्या केंद्रात असतात. तिसरी, वस्तीला अंगणवाडीच नाही, म्हणून आपण बालवाडी चालवतो आणि त्याच वेळी बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे पाहणीच्या आकडेवारीसह नव्या अंगणवाडीची लेखी मागणी करतो. माझ्या मते पहिली रचना सर्वांत स्वस्त आणि टिकाऊ असते. परंतु तिच्यासाठी लेखी परवानगी लागते आणि मानपान बाजूला ठेवावे लागतात, त्यामुळे संस्था तिच्याकडे सहसा वळत नाहीत.

आरोग्याच्या बाबतीत आपले काम नोंद ठेवणे आणि पाठपुरावा करणे एवढेच असावे. दंडघेर मोजण्याची पट्टी प्रत्येक बालवाडीत असावी. पाच वर्षांखालच्या मुलाचा दंडघेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरल्यास ते तीव्र कुपोषणाचे लक्षण असते आणि त्याच दिवशी सेविका व आरोग्य केंद्राला कळवावे, ११.५ ते १२.५ च्या दरम्यान असल्यास आहाराकडे लक्ष देऊन पुन्हा मोजमाप करावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा तपासणी करते. त्या दिवशी आपली सर्व मुले तिथे हजर असतील याची जबाबदारी आपण घ्यावी. ऐकू न येणारे किंवा तिरळे पाहणारे मूल तपासणीच्या दिवशी गैरहजर राहिले, तर त्याचा दोष पुढे कित्येक महिने कुणाच्या लक्षात येत नाही.

तिसरा टप्पा : जागा

राष्ट्रीय बालशिक्षण धोरणाबरोबर आलेल्या दर्जाच्या निकषांनुसार तीस मुलांसाठी किमान ३५ चौरस मीटरची खोली आणि किमान ३० चौरस मीटरची बाहेरची मोकळी जागा असावी. वस्तीत एवढी खोली क्वचितच मिळते. ती न मिळाल्यास तीस मुले कोंबण्यापेक्षा पंधरा-पंधराचे दोन गट करावेत. समाजभवन महापालिकेचे असल्यास संबंधित झोन कार्यालयात अर्ज करून, आणि विहार किंवा मंडळाचे असल्यास समितीच्या ठरावाची प्रत घेऊन, वापराची परवानगी लेखी घ्यावी. तोंडी परवानगी पुढच्या समितीवर बंधनकारक नसते. लग्न, तेरवी, जयंतीचे कार्यक्रम यांसाठी वर्षातले कोणते दिवस जागा सोडावी लागेल, हेही त्याच कागदावर लिहून घ्यावे.

नागपूरच्या हवामानाचा विचार येथे टाळता येत नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, आणि टिनाच्या छपराखालची खोली सकाळी दहालाच भट्टीसारखी तापते. एप्रिलपासून वेळ सकाळी सात ते साडेनऊ करावी, छतावर पांढरा रंग किंवा ताट्या घालाव्यात, पिण्याचे पाणी मुलांच्या हाताला येईल अशा उंचीवर ठेवावे आणि ओआरएसची पाकिटे जवळ असावीत. पावसाळ्यात नाल्याकाठच्या खोल्यांत पाणी शिरते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे झालेल्या अतिवृष्टीत अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठचा मोठा भाग पाण्याखाली गेला, हे शहर विसरलेले नाही. हजेरीपट, पुस्तके आणि कागदपत्रे जमिनीपासून चार-पाच फूट उंच फळीवरच असावीत.

शौचालय नसलेली जागा घेऊ नये. बाकी भिंतींचे रंग, कार्टूनची चित्रे, नावाची पाटी ही कामे मागाहून होऊ शकतात.

चौथा टप्पा : ताई आणि मावशी

तीन ते सहा वयोगटासाठी वीस मुलांमागे एक मोठे माणूस हा निकष आहे, म्हणून तीस मुलांना एक ताई आणि एक मदतनीस मावशी हवीच. ताई शक्यतो वस्तीतली किंवा शेजारच्या मोहल्ल्यातली असावी. बारावी झालेली, मुलांत रमणारी, गाणी म्हणायला न लाजणारी आणि रोज वेळेवर येणारी बाई ही दूरच्या कॉलनीतून येणाऱ्या पदविकाधारक शिक्षिकेपेक्षा जास्त काळ टिकते. निवड करताना मुलाखतीपेक्षा एक सकाळ मुलांमध्ये बसवून पाहणे चांगले. ती मुलांकडे बोट दाखवून बोलते की खाली बसून बोलते, रडणाऱ्या मुलाला गप्प करते की जवळ घेते, हे अर्ध्या तासात कळते.

पगाराच्या बाबतीत हात आखडू नये. 'सेवाभाव' या नावाखाली ताईला मानधन म्हणून किरकोळ रक्कम देणाऱ्या संस्था दर वर्षी नवी ताई शोधत बसतात, आणि मुले दर वर्षी नव्या चेहऱ्याला घाबरतात. एकूण खर्चाचा निम्म्याहून अधिक भाग पगारावर जात असेल तर अंदाजपत्रक योग्य मार्गावर आहे असे समजावे.

प्रशिक्षणासाठी महाराष्ट्राला दूर जाण्याची गरज नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडला जे काम उभे केले, त्याचा गाभाच असा होता की महागडी साधने न आणता परिसरातल्या दगड-बिया-पानांतून आणि मुलांच्या स्वतःच्या बोलीतून शिकवायचे. नागपूरपासून जवळच असलेल्या वर्ध्यात १९३७ च्या शिक्षण परिषदेतून नई तालीमचा विचार पुढे आला आणि सेवाग्रामला हाताने काम करत शिकण्याचे प्रयोग झाले. राज्यातल्या अंगणवाड्यांसाठी तयार केलेला 'आकार' हा अभ्यासक्रम मराठीत उपलब्ध आहे, आणि २० ऑक्टोबर २०२२ रोजी जाहीर झालेला पायाभूत स्तराचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा तीन ते आठ वर्षांचा एकत्र विचार करतो. ताईने पहिले दोन आठवडे एखाद्या चांगल्या बालवाडीत नुसते निरीक्षण करावे, मग आपल्या केंद्रात दर शनिवारी दोन तास पुढच्या आठवड्याची तयारी करावी, आणि त्या दोन तासांचाही पगार तिला मिळावा.

पाचवा टप्पा : बालवाडीचा दिवस

साडेतीन तासांचा एक दिवस पुढीलप्रमाणे बसवता येतो. दार उघडल्यावर पाऊण तास मोकळा खेळ : ठोकळे, भातुकली, वाळूचे घमेले, चिखल किंवा कणीक, आणि जुन्या ओढण्या व टोप्यांची पेटी. त्यानंतर सगळे गोलात बसतात, हजेरी होते, एक-दोन गाणी म्हटली जातात आणि काल घरी काय झाले हे दोन-तीन मुले सांगतात. मग वयानुसार गट पाडून वीस-पंचवीस मिनिटांचे काम, त्यानंतर हात धुणे आणि खाऊ, मग अंगणातला खेळ, शेवटी गोष्ट. गोष्ट दिवसाच्या शेवटी ठेवण्यात थोडी चलाखी आहे, कारण लवकर न्यायला आलेली आजीही मग दारात टेकते आणि ऐकते.

गटकामात नेमके काय करावे याबद्दल गोंधळ असतो. तीन-साडेतीन वर्षांच्या मुलाच्या हाती पेन्सिल देऊन अक्षरे गिरवून घेऊ नयेत; बोटांचे स्नायू आणि नजर-हाताचा मेळ अजून तयार व्हायचा असतो. त्याऐवजी मणी ओवणे, कागद फाडून चिकटवणे, शेंगा सोलणे, कणकेच्या वळ्या करणे ही लेखनाचीच तयारी होय. गणितासाठी चिंचोके, सागरगोटे, बाटल्यांची झाकणे वेगवेगळी करणे, लहान-मोठे लावणे, एकास एक जोडणे हे पुरते. मात्र चिंचोक्यासारख्या बारीक वस्तू चार वर्षांपुढच्या मुलांनाच आणि ताईच्या नजरेखालीच द्याव्यात, कारण लहान मुले त्या नाकात किंवा घशात घालतात. पाचव्या वर्षी मुले आपले नाव ओळखू लागतात, 'क'ने सुरू होणारे शब्द शोधू लागतात, आणि तेव्हा अक्षरांची ओळख आनंदाने होते.

भाषेच्या बाबतीत ताईने उदार असावे. एकाच वर्गात वऱ्हाडी बोलणारी, हिंदी बोलणारी, छत्तीसगढी किंवा गोंडी बोलणारी मुले असणे नागपुरात सामान्य आहे. मुलाने 'पानी दे' म्हटले तर पाणी द्यावे आणि मग 'पाणी हवं का तुला?' असे मराठीत म्हणावे. त्याचे वाक्य चुकीचे ठरवू नये. घरच्या भाषेतली दोन गाणी प्रत्येक आईकडून शिकून घेतली तर वर्षअखेर वर्गाजवळ पन्नासेक गाणी जमा होतात, आणि आईलाही वाटते की आपलेही काही इथे चालते.

विदर्भाच्या सणांत शिकवण्याचे आयते साहित्य आहे. तान्ह्या पोळ्याला मुले लाकडी बैल सजवतात आणि घरोघरी नेऊन बोजारा मिळवतात. त्या आठवड्यात बैलाची शिंगे, पाय, घुंगरे मोजणे, रंगांचे नमुने काढणे, बैलाची मिरवणूक काढणे, मिळालेली नाणी वेगळी करणे असे आठ दिवसांचे काम निघते. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाईची गाणी म्हणतात आणि शेवटी झाकलेला खाऊ ओळखायचा असतो. डबा हलवून, आवाज ऐकून, 'गोड आहे का? गोल आहे का? चावावा लागतो का?' असे विचारत उत्तरापर्यंत पोचणे हा वर्णन आणि तर्काचा इतका नेटका खेळ आहे की तो बारमाही चालवावा. विहारात वर्ग भरत असेल आणि वस्तीत भुलाबाई बसवत नसतील, तर नुसता डब्याचा खेळ घ्यावा. सणाची सक्ती नको.

पालकांची एक मागणी पहिल्याच महिन्यात येते : 'एबीसीडी कधी शिकवणार? गृहपाठ का नाही?' समोरच्या कॉन्व्हेंटमधले शेजारचे पोट्टे वही भरून आणते, आणि आपले नुसते चिखल खेळून येते, ही आईची चिंता खरी आहे आणि तिला भाषणाने उत्तर देऊ नये. प्रत्येक मुलाची एक फाइल करावी आणि तीत महिन्यातून दोनदा चित्र, चिकटकाम, मुलाने सांगितलेली आणि ताईने त्याच्याच शब्दांत लिहून घेतलेली गोष्ट ठेवावी. जुलैतले चित्र आणि डिसेंबरमधले चित्र शेजारी ठेवले की आईला फरक दिसतो. महिन्यातून एक पालकसभा घ्यावी, आणि ती बायकांच्या सुट्टीच्या वेळी घ्यावी. शनिवारी सकाळी अकराला सभा ठेवून 'पालक येतच नाहीत' असे म्हणण्यात अर्थ नाही.

सहावा टप्पा : संध्याकाळचे किशोर केंद्र

संध्याकाळचा वर्ग साडेपाच ते साडेसात असा ठेवल्यास बहुतेक शाळांच्या दोन्ही पाळ्यांतली मुले येऊ शकतात. हिवाळ्यात अंधार लवकर पडतो, म्हणून मुलींनी गटाने घरी परतण्याची व्यवस्था आधी ठरवावी. पहिला तास अभ्यासाचा : घरात जागा आणि दिवा नसल्याने जे काम राहते ते येथे व्हावे, आणि वाचनात मागे पडलेल्यांना वयाप्रमाणे नव्हे तर वाचनाच्या पातळीप्रमाणे छोट्या गटात बसवावे. दुसरा तास मात्र अभ्यासाचा नसावा. दिवसभर शाळेत बसलेल्या मुलाला पुन्हा फळ्यासमोर बसवले तर तो पानठेल्यावर उभा राहणे पसंत करील.

खेळाचे उदाहरण शहरातच आहे. विजय बारसे यांनी २००१ मध्ये नागपुरात वस्तीतल्या मुलांसाठी फुटबॉलचे काम सुरू केले, आणि त्यातून 'स्लम सॉकर' ही संस्था उभी राहिली. एक चेंडू आणि एक मोकळे मैदान यावर नियमित खेळ उभा राहू शकतो. मात्र प्रशिक्षकाने येण्याचे दिवस आणि वेळ मोडू नयेत. मुलींना मैदानावर आणायचे असेल तर पहिले काही महिने त्यांना स्वतंत्र वेळ द्यावा, एक महिला प्रशिक्षक असावी, आणि कपड्यांबद्दल घरच्यांशी आधी बोलून घ्यावे.

विज्ञानासाठी नागपूरसारखे शहर सापडणे कठीण. महापालिकेच्या शाळांमधली मुले साध्या वस्तूंतून केलेले प्रयोग लोकांना स्वतः समजावून सांगतात असा अपूर्व विज्ञान मेळावा येथे भरतो. आपल्या मुलांना तो आधी पाहायला न्यावे आणि मग केंद्रात तसेच प्रयोग बसवावेत. गांधीसागर तलावासमोरचे रमण विज्ञान केंद्र, १८६३ साली स्थापन झालेले मध्यवर्ती संग्रहालय म्हणजे आपला अजब बंगला, महाराजबाग प्राणिसंग्रहालय, मोतीबागचे नॅरोगेज रेल्वे संग्रहालय यांपैकी कुठलेही ठिकाण 'आपली बस' या शहर बससेवेने किंवा मेट्रोने एका दिवसात होते. दरमहा एकच सहल काढावी, प्रत्येक दहा मुलांमागे एक मोठे माणूस न्यावे, आणि परतल्यावर मुलांकडून भिंतीवर लावण्याचा एक कागद करून घ्यावा.

काही संधी केवळ माहितीअभावी हुकतात. राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीची परीक्षा आठवीत असते आणि ती मिळाल्यास नववी ते बारावी दर वर्षी १२,००० रुपये मिळतात. शासकीय व अनुदानित शाळांतल्या, उत्पन्नाच्या मर्यादेत बसणाऱ्या कुटुंबांतल्या मुलांसाठी ती आहे. सातवीपासूनच अशा मुलांची यादी करावी आणि उत्पन्नाचा दाखला वेळेत काढून घ्यावा. चौदा वर्षे वयापर्यंतचे शाळाबाह्य मूल असल्यास शिक्षण हक्क कायद्यानुसार त्याला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो, आणि वयाचा पुरावा नाही म्हणून तो नाकारता येत नाही. चौदा वर्षे पूर्ण झालेल्यांना राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून दहावी करण्याचा मार्ग खुला असतो.

सकाळ आणि संध्याकाळ यांचा सांधा जोडावा तो जपूनच. किशोरवयीन मुलांनी बालवाडीसाठी चित्रांची पुस्तके करावीत, बाहुल्या शिवाव्यात, आठवड्यातून एक तास गोष्ट वाचून दाखवावी. मोठ्याने वाचताना अडखळणाऱ्या आठवीतल्या मुलाला चार वर्षांच्या श्रोत्यांसमोर लाज वाटत नाही, आणि त्याचे वाचन सुधारते. परंतु ताई रजेवर गेली म्हणून वर्ग मुलींच्या हवाली करणे, हे काहीही झाले तरी करू नये. ज्या जबाबदारीतून त्यांना मोकळे करण्यासाठी बालवाडी काढली, तीच पुन्हा त्यांच्या गळ्यात घालणे होईल.

सातवा टप्पा : मुलांची सुरक्षितता

येथे तडजोड नाही. प्रत्येक कार्यकर्ता, प्रशिक्षक आणि स्वयंसेवक यांची पोलीस पडताळणी करावी. मुलांसोबत बंद दाराआड एकटे कुणीही राहू नये. मूल न्यायला कोण येणार त्यांची नावे प्रवेशाच्या वेळीच लिहून घ्यावीत. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२ नुसार अशा अपराधाची माहिती मिळाल्यास पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. 'आधी समितीत चर्चा करू' असे म्हणून दडवणारा स्वतः शिक्षेस पात्र ठरतो. १०९८ ही बालसाहाय्य दूरध्वनी सेवा आणि जवळच्या पोलीस ठाण्याचा क्रमांक मुलांच्या नजरेच्या उंचीवर लावावा. मुलांची छायाचित्रे देणगीदारांना पाठवण्यापूर्वी पालकांची लेखी संमती घ्यावी, आणि नाव-पत्त्यासह छायाचित्र समाजमाध्यमांवर टाकूच नये.

आठवा टप्पा : नोंदणी आणि पैसा

पहिल्याच दिवशी नवी संस्था काढण्याची घाई करू नये. वर्षभर एखाद्या नोंदणीकृत संस्थेच्या छत्राखाली, लेखी करार करून, काम चालवणे सोपे जाते. पुढे स्वतंत्र नोंदणी करायची झाल्यास संस्था नोंदणी अधिनियम, १८६० नुसार किमान सात सदस्य लागतात, आणि महाराष्ट्रात सार्वजनिक न्यास म्हणूनही धर्मादाय कार्यालयात नोंद होते. ते कार्यालय नागपुरात आहे. संस्थेला करमाफी आणि देणगीदारांना करसवलत देणाऱ्या प्राप्तिकराच्या नोंदण्यांशिवाय (रूढ नावे १२अ आणि ८०जी) मोठे देणगीदार येत नाहीत, आणि कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी घ्यायचा असल्यास सीएसआर-१ हा अर्जही लागतो.

तीन महिन्यांचे पगार हाताशी जमल्याशिवाय केंद्र उघडू नये. पालकांकडून अल्प शुल्क घ्यावे, परंतु ते न भरणाऱ्या घरातल्या मुलाला परत पाठवू नये. काही घरे पैशाऐवजी महिन्यातून एक दिवस खोली धुण्याचे किंवा खाऊ शिजवण्याचे काम घेतात, आणि तेही शुल्कच मानावे. जमाखर्च दर महिन्याला केंद्राच्या भिंतीवर लावावा. वस्तीत पैशांबद्दलची कुजबुज थांबवण्याचा याहून सोपा उपाय माहीत नाही.

नववा टप्पा : नोंदी आणि पहिलीत प्रवेश

बालवाडीत परीक्षा नसते, पण नोंदी हव्यात. ताईने रोज तीनच मुलांविषयी एकेक ओळ लिहावी, म्हणजे तीस मुले साधारण दोन आठवड्यांत पूर्ण होतात. 'हुशार आहे' अशी ओळ उपयोगाची नाही. 'आज तिघांसोबत ठोकळ्यांचा पूल केला, वाटून घेताना भांडला नाही' ही ओळ उपयोगाची आहे. किशोर केंद्रात वाचनाची पातळी दर तीन महिन्यांनी तपासावी आणि शाळेतली हजेरी दर महिन्याला विचारावी. धाकट्याला बालवाडीत घातल्यापासून मोठ्या बहिणीची शाळेतली हजेरी वाढली का, हा आकडा आवर्जून काढावा, कारण केंद्राच्या वेळा बरोबर बसल्या आहेत की नाही हे त्यातूनच कळते. हजेरी वाढलेली नसेल तर वस्तीच्या घड्याळाचा कागद पुन्हा काढून वेळा बदलाव्यात.

राज्यात पहिलीच्या प्रवेशासाठी त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षे पूर्ण होणे धरले जाते. म्हणून जानेवारीतच पाच वर्षांपुढच्या मुलांची यादी करावी, जन्मदाखला नसलेल्यांचे अर्ज महापालिकेकडे द्यावेत आणि मार्चमध्ये या मुलांना जवळच्या शाळेत एकदा नुसते फिरवून आणावे : वर्ग, शौचालय, पाण्याचा नळ, पहिलीच्या बाई. विदर्भात उन्हामुळे शाळा राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात, आणि मधल्या दीड-दोन महिन्यांत बरीच कुटुंबे गावी जातात. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात ताईने या घरी पुन्हा जावे, मूल परतले आहे का ते पाहावे, आणि पहिल्या दिवशी आईला सुट्टी मिळणार नसेल तर तिच्या संमतीने मुलाला स्वतः शाळेच्या दारापर्यंत सोडावे. त्याची फाइल पहिलीच्या बाईंच्या हाती द्यावी, आणि ऑगस्टमध्ये एकदा जाऊन ते वर्गात बसते का, याची चौकशी करावी.

दुसऱ्या वस्तीतून मागणी येईल, आणि ती साधारण पहिले वर्ष संपायच्या आतच येईल. ज्या ताईने एक पूर्ण वर्ष काढले आहे ती तिथे दोन महिने शिकवायला जाऊ शकेल आणि तिच्या जागी इथे तितकीच तयार दुसरी ताई असेल, तेव्हाच होकार द्यावा.